बाहेर भिंत, आत जन्नत

कुणाला राजा व्हायचं असतं, कुणाला संत व्हायचं असतं, गेला बाजार पाटील तरी व्हायचं असतं. कल्याणप्पाला फक्त बसायचं होतं. खुर्चीवर, आणि अव्वल तालुकदारांच्या समोर.

निजामाच्या राज्यात बसणं ही उभ्या-उभ्या जमणारी गोष्ट नव्हती. हुजुरांच्या सालगिरहला, म्हणजे वाढदिवसाला, कचेरीच्या आवारात शामियाना पडायचा. इंग्रजी मुलखात ज्याला कलेक्टर म्हणत तो आमच्याकडं अव्वल तालुकदार. तो मधोमध बसायचा. समोर मानकऱ्यांच्या खुर्च्या. खुर्चीचा मान असलेला माणूस कुर्सीनशीन, आणि बाकीचा जिल्हा मागं दोरीपलीकडं उभा. उभ्यांना पान मिळायचं, बसलेल्यांना पान आणि अत्तर. करडईच्या तेलाचा मोठा व्यापारी असूनही कल्याणप्पा वर्षानुवर्षं दोरीपलीकडं उभा राहून नुसतं पान खात आला होता.

तेही त्यानं गिळलं असतं. पण पहिल्या रांगेत त्याचा चुलतभाऊ महांतप्पा बसायचा. महांतप्पाच्या बापानं कधीकाळी सरकारी घोड्यांना कडबा पुरवला होता. कडबा घोड्यांनी खाल्ला आणि मान महांतप्पानं. दरबार संपला की तो कानामागं अत्तराचा फाया खोचून मुद्दाम कल्याणप्पाच्या दुकानावरून जायचा आणि विचारायचा, "काय कल्याण, पाय दुखत असतील न्हाय?"

या दोन भावांच्या मधल्या अंतरात एक मेहमानखाना उभा राहिला, आणि माझं नशीब असं की मला त्यात राहावं लागलं.

मी तेव्हा मास्तर होतो. मधल्या शाळेला वस्तानिया म्हणायचे, तिथं माझी बदली झाली. महायुद्ध संपायचा सुमार होता. गावाचं नाव कागदावर उस्मानाबाद आणि लोकांच्या तोंडात धाराशिव. भाड्यानं खोली मिळेना, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "जुन्या पेठेत कल्याणप्पानं मराकशी मेहमानखाना काढलाय. तिथं बघा."

मराकश म्हणजे काय, असं मी विचारलं. सांगणारा म्हणाला, "लई लांबचं गाव हाय. हज्जच्याबी पलीकडं. पण आता इथंच हाय."

त्याचं असं झालं होतं. आदल्या हिवाळ्यात तालुकदारसाहेबांकडं चहापान होतं. कल्याणप्पा दारात उभा होता. कुठं उभं राहायचं हे त्याला सांगावं लागत नसे. साहेब खुर्चीवाल्यांना सांगत होते, की विलायतेहून परतताना ते आफ्रिकेतल्या मराकशला उतरले होते. जुन्या शहरातल्या बोळात एक मेहमानखाना होता. "बाहर दीवार, अंदर जन्नत. बीच में फव्वारा, चारों तरफ दालान, और पुदिने की चाय. और यहाँ? डाकबंगला, खटमल और खानसामा."

खुर्चीवाले हसले. कल्याणप्पा हसला नाही. त्यानं दारात उभ्या-उभ्या ते वाक्य पाठ केलं. साहेबाला मराकश इथंच दिलं, तर साहेब आपल्याला एक खुर्ची देणार नाही?

आता मराकश बांधायचं म्हणजे पाहिलेला माणूस पाहिजे. तो गावात होता. बलभीम हा गडी पलटणीत खेचरं सांभाळायला गेला होता. आफ्रिकेतल्या कुठल्याशा बंदरात खेचरानं लाथ मारल्यामुळं तो वेळेआधीच परत आला होता. लाथ कुठं लागली हे तो सांगत नसे, पण आफ्रिका सगळी पाहिली असं सांगे.

"मराकश पाहिलंस का?" कल्याणप्पानं विचारलं.

"पाहिलं म्हंजे? रोज खेचरं पाणी प्यायला न्यायचो तिकडं."

झालं. एका खेचरवाल्याच्या साक्षीवर बांधकाम सुरू झालं. साहेब म्हणाले होते बाहेर भिंत, म्हणून कल्याणप्पानं रस्त्याकडच्या सगळ्या खिडक्या विटांनी चिणून टाकल्या. रुद्रम्मा म्हणजे त्याची बायको. तिची एक खिडकी होती, तिच्यातून ती समोरच्या घरातल्या बाईशी दिवसभराचं बोलून घ्यायची. तीही गेली.

"अवं, वारा कुठनं यायचा?" ती म्हणाली.

"मराकशात आतल्या आत येतो."

"तितलं वारं आन् हितलं वारं एकच व्हय? आन् मी बोलू कुणाशी?"

"माझ्याशी बोल."

"तुमच्याशी बोलून काय मिळतं ते मला ठावं हाय," रुद्रम्मा म्हणाली आणि गप्प बसली. ती गप्प बसली हे कल्याणप्पानं लक्षात घ्यायला हवं होतं. पण त्याचं लक्ष खुर्चीत होतं.

मी राहायला गेलो तेव्हा जन्नत जवळजवळ पुरी झाली होती. दार इतकं बुटकं, की माझी पहिली ओळख त्याच्या चौकटीशी झाली, कपाळानं. आत चौक. चारी बाजूंना पडव्या होत्याच. त्यांना निळा रंग दिल्यावर त्या दालान झाल्या. माझी खोली वरच्या मजल्यावर. एकच खिडकी, तीही चौकात उघडणारी. वर माळवदावर लोखंडी पिंप चढवलं होतं. पखालवाला आपला हेला, म्हणजे रेडा, दारात उभा करून त्यात पाणी भरायचा आणि त्या पिंपातून नळी खाली कारंज्याला जायची. पिंप ठिबकायचं. माळवद मातीचं. माती आणि पाणी यांचं मीलन माझ्या अंथरुणावर व्हायचं. मी तक्रार केली तर कल्याणप्पा म्हणाला, "मास्तर, तुमाला फव्वाऱ्याच्या आधी पाणी मिळतंय. साहेबाला सुद्धा न्हाय मिळायचं."

संध्याकाळी बलभीम मराकशी चहा करायचा. पुदिना, गूळ आणि गरम पाणी. मराकशात चहा उंचावरून ओततात, असं त्याचं म्हणणं. तो ओसरीवर उभा राहून खाली बसलेल्या माणसाच्या पेल्यात धार सोडी. धार बहुतेक वेळा माणसालाच लागे. रुद्रम्मा त्याला काढा म्हणायची आणि सर्दी झालेल्यांनाच पाजायची.

आणि एक खुर्ची होती. सोलापूरहून आणलेली, सागवानी, हाताची, वेताच्या बैठकीची. ती साहेबांसाठी नव्हती, सरावासाठी होती. जन्मभर गादीवर मांडी घालून तेल मोजलेला माणूस. पाय खाली सोडले की त्याच्या पायाला मुंग्या यायच्या. रोज दुकान बंद करून आला की कल्याणप्पा चौकात खुर्चीवर बसायचा आणि थोड्या वेळानं नकळत पाय वर घेऊन मांडी घालायचा.

"पाय!" रुद्रम्मा स्वयंपाकघरातून ओरडायची. पाय खाली यायचे.

"बसायला शिकायला लागतंय म्हंजे नवलच," ती मला भाकरी वाढताना म्हणायची. "आमच्या म्हशीला न्हाय शिकवावं लागलं."

राहिलं कारंजं. तेच खरं मराकश. ते घडवायचं काम बब्रुवान पाथरवटाला दिलं होतं. बब्रुवानानं आयुष्यभर दोनच गोष्टी घडवल्या: दळायची जाती आणि देव. कल्याणप्पानं त्याला समजावून सांगितलं, "मधी एक उभा गुळगुळीत दगड. त्याच्याभोवती दगडाचंच कुंड. दगडावर वरनं पाणी. आन् पाणी साचून ऱ्हाऊ नये म्हणून कुंडाला एका बाजूनं पन्हाळ."

बब्रुवानानं ऐकलं आणि तो म्हणाला, "एवढंच व्हय? हे मला डोळे झाकून येतं."

आणि त्यानं ते डोळे झाकूनच केलं असावं. काळ्या दगडाचा वरून गोल, सुरेख घासलेला खांब. भोवती शाळुंका. पन्हाळ उत्तरेला. पिंपाला जोर नव्हता, त्यामुळं पाणी उसळण्याऐवजी त्या दगडाच्या माथ्यावर थेंबथेंब पडायचं. मी पहिल्याच दिवशी पाहिलं आणि सवयीनं चपला काढल्या. मग आठवलं की मी मराकशात आहे, आणि पुन्हा घातल्या.

कल्याणप्पाला काही दिसलं नाही. तो कारंज्यापाशी उभा राहायचा तेव्हा त्याला तिथं साहेब दिसायचे.

साहेबांनी एका सोमवारी दुपारी यायचं आणि एक रात्र मुक्काम करायचं कबूल केलं. जागा पसंत पडली, तर पाहुण्या अंमलदारांचा मुक्काम यापुढं इथंच, असं त्यांच्या पेशकारानं, म्हणजे कारकुनानं, कळवलं. एवढ्या मोठ्या सरकारी सेवेनंतर खुर्ची ठरलेलीच. कल्याणप्पानं लगेच महांतप्पाला निरोप धाडला: तूही ये, पाय मोकळे करायला. सोमवार श्रावणातला होता. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. साहेबाला येणारच नव्हतं, आणि कल्याणप्पानं बरेच दिवस साहेबाच्या डोक्यानंच विचार करायचं ठरवलं होतं.

आदल्या संध्याकाळी तामलवाडीची धुरपदाबाई आली. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तिचा दिराशी दावा चालू होता. तारखेला यायचं, रुद्रम्माच्या ओसरीवर पडायचं आणि दुसऱ्या दिवशी नवी तारीख घेऊन परत जायचं, हा तिचा काशी-रामेश्वर होता. मेहमानखाना झाल्यापासून कल्याणप्पानं असल्या लोकांना बंदी केली होती. "फक्त जंटलमन," तो म्हणायचा. धुरपदाबाई जंटलमन नसल्यामुळं रुद्रम्मानं तिला मागच्या दारानं घेतलं.

सकाळी मी खिडकीतून तोंड धूत होतो. खाली धुरपदाबाई ओल्या लुगड्यानं चौकात आली आणि थबकली.

"आगं रुद्रम्मा! हे कवा आलं?"

"झालं की आता म्हैना."

"आन् पूजा?"

"पूजा कसली? धनी त्याला मराकश म्हनत्यात."

"म्हनू दे. नाव बदलल्यानं देव बदलतो व्हय? माज्या दिराचं नाव रामचंद्र हाय." धुरपदाबाईनं तांब्या ओतला, परड्यातल्या बेलाची पानं वाहिली, कपाळ टेकलं आणि मोठ्यानं म्हणाली, "देवा मराकशा, आज निकाल लाव बाबा. नगं ती तारीख."

मी रुद्रम्माकडं पाहिलं. ती पदर तोंडाला लावून उभी होती.

"तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं?" मी नंतर विचारलं.

"न ठावं असायला काय झालंय? मी रोज बघत्ये."

"मग सांगितलं का नाही?"

"मला कुणी इच्यारलं? खिडकीच्या येळंला इच्यारलं व्हतं का?"

कल्याणप्पा सकाळपासून बाहेर होता, साहेबासाठी गालिचा उसना आणायला. त्यामुळं बेलाची पानं तिथंच राहिली. आणि दुपारी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, कोर्टानं धुरपदाबाईचा निकाल दिला. तिच्या बाजूनं.

कचेरीत न्याय मिळाला, हे ऐकून लोकांना चमत्कार वाटला यात नवल नव्हतं. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली लोहाऱ्यापासून ढोकीपर्यंतचे पक्षकार तारखांची वाट पाहत बसलेले असायचे. धुरपदाबाई तिथं उभी राहून एवढंच म्हणाली, "जुन्या पेठेत कल्याणप्पाच्या घरी महादेव निघालाय. आपोआप पाणी पडतंय." आणि श्रावणी सोमवार! सगळं आवार उठलं. वादी उठले, प्रतिवादी उठले. एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊ एकाच बेलाच्या झाडावर चढले.

कल्याणप्पा गालिचा डोक्यावर घेऊन आला तेव्हा बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. तो स्वतःच्याच घरात रांगेतून शिरला. चौकात येऊन पाहतो तर मराकशाच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात झेंडूचा हार, आणि त्याची सरावाची खुर्ची कुणीतरी नारळ ठेवायला घेतलेली.

"हे काय चाललंय? उठा! हे कारंजं हाय, कारंजं!"

सगळा चौक त्याच्याकडं वळला. मग एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "शेट, पुन्यांदा म्हना."

कल्याणप्पानं पुन्हा म्हटलं नाही. व्यापारी माणसाला गिऱ्हाइकाचा चेहरा कळतो.

"अगं, काहीतरी कर," तो रुद्रम्मापाशी येऊन कुजबुजला. "साहेब येतील आता."

"येऊ द्या की. बाहीर भिंत हाय, आत जन्नत हाय. देव असल्याबिगर जन्नत कशी असल?"

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी मोटारीचा भोंगा वाजला. तालुकदारसाहेब आले. मागं महांतप्पा, अत्तरासकट. साहेब उंच माणूस. बुटक्या दारातून वाकून आत आले, आणि वर पाहतात तो समोर पाचपन्नास माणसं हात जोडून उभी. वाकलेला अंमलदार लोकांनी प्रथमच पाहिला. त्यांना वाटलं, साहेबही दर्शनालाच आला.

महांतप्पानं एका नजरेत सगळं ओळखलं. हा माणूस दर बसवजयंतीला सांगायचा, की गळ्यात इष्टलिंग असताना स्थावर दगडापुढं वाकू नये. त्यानं जोडे काढले, उपरणं कमरेला बांधलं आणि कारंज्यासमोर सरळ लोटांगण घातलं. भावाला वर चढू न देण्यासाठी माणूस किती खाली जाऊ शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

"हर हर महादेव!" तो जमिनीवरूनच ओरडला. चौकानं ते उचललं. आता कुणाच्या बापाला त्याचं कारंजं करता आलं नसतं.

साहेबांनी शांतपणे विचारलं, "कल्याणप्पा, ये क्या है?"

पाणी ठिबकत होतं. एका बाजूला साहेब, म्हणजे खुर्ची. दुसऱ्या बाजूला लोक, आणि त्यांच्या हातात नारळ. नारळ दोन कामांना येतो. कल्याणप्पानं खुर्चीकडं पाहिलं, नारळांकडं पाहिलं. मग त्यानं हात जोडले.

"हुजूर, ये... मराकश का महादेव है."

साहेबांच्या मिशीचं एक टोक हललं. "हम वहाँ रहे थे. हमें तो दिखे नहीं."

"तब तक इधर निकल आए होंगे, हुजूर."

साहेबांनी बुटांचे बंद सोडले, बूट काढले, आणि मोज्यांनिशी उभं राहून त्या दगडाकडं बराच वेळ पाहिलं. त्यांना मराकशातलं काय आठवलं कोण जाणे. मग ते फार सभ्यपणे म्हणाले, "जिस घर में इबादत हो, वहाँ सरकारी मुक्काम बेअदबी है. हम डाकबंगले में ठहरेंगे." बलभीम ओसरीवर किटली घेऊन तयार होता. पण साहेब लवकर निघाले आणि थोडक्यात बचावले.

मेहमानखाना तिथं संपला. देवापुढं खुर्ची टाकून कोण बसणार? मला खोली ठेवू दिली, कारण वर कुणीतरी राहून पिंपावर लक्ष ठेवणं आता धर्मकार्य झालं होतं. माझ्या अंथरुणावर पडणाऱ्या पाण्याला बायका तीर्थ म्हणू लागल्या. रुद्रम्मानं पहिल्याच आठवड्यात गवंडी बोलावून आपली खिडकी उघडून घेतली. "दर्शनाला येत्यात, गुदमरून मरतील," एवढंच ती नवऱ्याला म्हणाली. समोरच्या बाईला सांगायला तिच्याकडं तोवर बरंच साचलं होतं. बलभीम सांगायचा, की मराकशात असले महादेव गल्लोगल्ली आहेत, खेचरं त्यांच्याच कुंडात पाणी प्यायची. लोकांनी त्याला हाकललं, तेव्हा त्यानं ते खेचरांचं तेवढं वगळलं.

पुढच्या सालगिरहला मात्र नवल झालं. दरबाराच्या यादीत कल्याणप्पाचं नाव आलं. साहेब विसरले नव्हते! त्यानं नवी शेरवानी शिवली. महिनाभर पाय खाली सोडून बसायचा सराव केला, लाकडी पेटीवर. आता मुंग्याही येत नव्हत्या.

चपराशानं त्याला दोरी ओलांडून आत नेलं. शेवटची रांग गेली, मधली गेली, पहिली आली. महांतप्पाच्या खुर्चीपाशी कल्याणप्पा थांबला. चपरासी म्हणाला, "आगे, आगे." पहिल्या रांगेच्याही पुढं एक जाजम अंथरलं होतं. त्यावर मशिदीचे मौलवीसाहेब, दर्ग्याचे मुजावर, देवळांचे पुजारी मांडी घालून बसले होते. देवाधर्माची माणसं, साहेबांनी त्यांना खुर्चीवाल्यांच्याही पुढं मान दिला होता. जमिनीवर.

कल्याणप्पा बसला. शेरवानी मांडी घालायला शिवलेली नव्हती. कुठंतरी काहीतरी उसवलं. त्याच्या कानाशी एक पंपशू हलत होता. महांतप्पानं पायावर पाय टाकला होता.

"काय कल्याण," वरून आवाज आला, "आता न्हाय ना पाय दुखत?"

या गोष्टीला दोन पावसाळे झाले आणि ते राज्यच गेलं. तालुकदार गेले, दोरी गेली, कडब्याचा मान गेला. राहिला तो मराकशेश्वर, आणि रोज भस्म लावून त्याची पूजा करणारा कल्याणप्पा. नवा कलेक्टर आला, पुण्याकडचा, तरुण, खादीतला. पुढच्या वर्षी त्याच कचेरीत पहिला समारंभ झाला आणि दवंडी पिटली, की आता सगळे सारखे, ज्यानं त्यानं येऊन खुर्चीवर बसावं.

कल्याणप्पा सगळ्यांच्या आधी गेला. पहिली रांग, पहिली खुर्ची. पाय खाली. मागं मी बसलो, माझ्या शेजारी बलभीम, पलीकडं बब्रुवान पाथरवट. महांतप्पाला उशीर झाला म्हणून तो उभा होता. कल्याणप्पानं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. तोंड उघडलं. आयुष्यभर जपलेलं वाक्य ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात कलेक्टर आला. पहिल्या खुर्चीवर कपाळभर भस्म लावलेला माणूस पाहून तो लगबगीनं पुढं झाला, वाकला आणि त्यानं पायाला हात लावला.

"महाराज, आपण? आणि असे, आमच्या बरोबरीनं? अहो, मराकशेश्वराच्या महाराजांना आसन आणा कुणीतरी!"

व्यासपीठासमोर मृगाजिन आलं. पाट आला. सगळी सभा आदरानं उठून उभी राहिली. कलेक्टरनं स्वतः हाताला धरून कल्याणप्पाला खाली बसवलं. मग सगळी सभा बसली. खुर्च्यांवर. एक खुर्ची रिकामी झाली होती, तिच्यावर महांतप्पा बसला.

संध्याकाळी आम्ही दोघं बरोबरच परतलो. सोलापूरची सागवानी खुर्ची आताशा बाहेर, दाराशी ठेवलेली असे. कल्याणप्पा तिच्यापाशी थांबला. तिच्यावर दर्शनाला आलेल्या बायाबापड्यांच्या चपला, वहाणा, एक फाटका बूट. बोळात कुणी नव्हतं. त्यानं एकेक चप्पल उचलून खाली ठेवायला सुरुवात केली.

वरची खिडकी उघडीच होती.

"अवं, खाली काय ठिवताय? गटार हाय तिथं," रुद्रम्मा म्हणाली. "लोकांच्या वहाणा भिजतील."

कल्याणप्पानं एकेक चप्पल पुन्हा खुर्चीवर ठेवली, जोडीला जोडी लावून, आणि दारात वाकून आत गेला.